सदाशिव पेठेतल्या सायकलवाल्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र जाहीर लिहायचं कारण एवढंच की तोंडी आभार तुम्ही घेत नाही. त्या दिवशी मी "काका, फार उपकार झाले" असं म्हणायला लागले, तर तुम्ही "ते असू द्या, चेन अधूनमधून फडक्यानं पुसत जा" असं म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाच्या चाकाकडे वळलात. तुमच्याकडे साधा फोन आहे, त्यामुळे हे तुमच्यापर्यंत थेट पोचणार नाही. पण समोरच्या अभ्यासिकेतली मुलं वाचून दाखवतील. त्यातला तो व्याकरणवाला मुलगा वाचणार असेल, तर वाचता वाचता माझं शुद्धलेखनही तपासेल याची मला खात्री आहे.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडी हकीगत सांगते.

कोजागिरीचा दिवस होता. रात्री आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध आणि कविता, असा बेत. त्यामुळे दुधाचा मसाला, चारोळ्या, जायफळ आणायचं होतं. लक्ष्मी रस्त्यावर सासूबाईंचा चष्मा तयार होता. पेठेतल्या शिंपिणीकडे दोन ब्लाउज होते, तेही दिवाळीआधी हातात पडायला हवे होते, कारण एकदा वसुबारस आली की शिंपिणीचा फोन लागत नाही. अप्पा बळवंत चौकातून भाचीचं एक पुस्तक आणायचं होतं, कवितांच्या झेरॉक्स काढायच्या होत्या, आणि चकलीची भाजणी दळून आणायची होती. पंधरा दिवसांवर दिवाळी. भाजणी मी आदल्या रात्रीच भाजून ठेवली होती. ती आमच्या कर्वेनगरातही दळून मिळते, पण पेठेतला तो गिरणीवाला भाजणी गव्हावर टाकत नाही, डाळ दळून झाली की मगच घेतो. त्यासाठी मी डबा घेऊन नदी ओलांडते. घरचे हसतात. चकली खाताना हसत नाहीत.

कामांची यादी मी एका पाठकोऱ्या कागदावर केली होती. त्याच्या मागच्या बाजूला रात्रीची कविता. ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

डी.पी. रस्ता, म्हात्रे पूल, मग शास्त्री रस्ता. पाऊस नुकताच परतलेला, जमिनीत ओल तशीच आणि वर आभाळ कोरडं ठणठणीत. दहा वाजताच कपाळावरून घाम ओघळत होता. शास्त्री रस्त्याला लागल्यावर डाव्या पायाखाली काहीतरी डगमगायला लागलं. थांबून बघू म्हणेपर्यंत पायडल निखळलं आणि रस्त्यावर घरंगळत एका रिक्षाच्या पुढे जाऊन पडलं. रिक्षावाल्यानं ते उचलून दिलं, वर "मावशी, तुमचा पार्ट" असंही म्हणाला.

पायडल पिशवीत घातलं आणि सायकल ढकलत निघाले. वाटेत काचेचं मोठं दुकान लागलं. तिथल्या मुलानं सायकलकडे न बघताच चार दिवस लागतील, ठेवून जा, असं सांगितलं. भाजणीचा डबा, पिशव्या आणि मोडकी सायकल घेऊन मी फुटपाथवर उभी असताना अभ्यासिकेतल्या एका मुलानं तुमची गल्ली दाखवली.

तुमचं दुकान म्हणजे एका जुन्या वाड्याच्या जिन्याखालची जागा. वर टांगलेले टायर, खाली पाण्याचं घमेलं, लाकडी खोक्यात छर्रे आणि वायसर, भिंतीला टेकवलेलं एक चाक. त्या चाकाचा आउट काढणं चाललं होतं. तुम्ही चाक फिरवायचात, डोळा बारीक करून रिम कुठे घासते ते बघायचात, एखादी तार किंचित आवळायचात, पुन्हा फिरवायचात. मी बोलायला लागले तर बोटानं थांबवलंत. चाक सरळ झालं तेव्हा माझ्याकडे वळलात. आवडलं मला ते. माझी घाई होती, पण ज्याचं चाक होतं त्याचीही असणारच.

मग तुम्ही माझं पायडल हातात घेतलंत, क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्या पट्टीला बसतं तिच्या, भोकात करंगळी फिरवलीत आणि विचारलंत, "हे कुणी बसवलं होतं?" मध्यंतरी एका दुकानात सर्व्हिसिंगला टाकली होती, तिथेच बसवलं असणार. तुम्ही त्या दुकानाला नावं ठेवली नाहीत. फक्त समजावून सांगितलंत. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. उजवीकडचं पायडल आवळायला सुलटं फिरवायचं, डावीकडचं उलटं. दोन्हीकडे सारखे आटे ठेवले, तर चालवता चालवता डावं आपोआप सैल होत जाईल, म्हणून ही सोय. बसवणाऱ्याला ते माहीत नसावं किंवा घाई असावी. त्यानं जोर लावून तिरकं घुसवलं. पायडलचा दांडा पोलादी, क्रँक ॲल्युमिनियमची. पोलादानं ॲल्युमिनियमचे आटे खाऊन टाकले. आता पायडल कितीही आवळलं तरी धरणार नाही, क्रँकच बदलायला हवी, ती नाना पेठेतून आणावी लागेल, चार वाजतील.

इतकी वर्षं सायकल चालवते, पण पायडलचे आटे दोन बाजूंना वेगळे असतात हे मला माहीत नव्हतं. हे सांगायला तुम्हाला मिनिटभर लागलं असेल. पण त्यामुळे माझी सायकल नुसती दुरुस्त झाली नाही, मला कळलीही. आभारातला हा पहिला हप्ता.

दुसरा हप्ता तुमच्या सायकलचा. "चार वाजेपर्यंत मी काय करू?" असं मी स्वतःशीच पुटपुटले असेन. तुम्ही माझ्या हातातल्या यादीकडे आणि डब्याकडे पाहिलंत आणि कोपऱ्यातल्या काळ्या सायकलकडे मान केलीत. "ही घेऊन जा. किल्ली कुलपातच आहे." नाव विचारलं नाही, फोन नंबर विचारला नाही, काही ठेवून जा म्हणाला नाहीत. 2017 च्या अखेरीला पुण्यात ॲपवरच्या भाड्याच्या सायकली आल्या होत्या, आठवतं? त्या उघडायला फोन लागायचा, पैसे आधी भरायला लागायचे. गेल्या त्या. तुम्ही मात्र अनोळखी बाईला स्वतःची सायकल दिलीत, आणि तीही कुठली!

चोवीस इंची, दांड्याची, पुरुषी सायकल. दांडीचे ब्रेक, पूर्ण झाकलेली चेन, मागच्या चाकाला लावलेला डायनॅमो, स्प्रिंगचं कॅरिअर. अशा सायकली आमच्या कर्वेनगरातल्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात बघायला मिळतात. पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, तेव्हा कचेरीत जाणारे, कॉलेजात जाणारे, दूध घालणारे, सगळे अशाच सायकलींवर असायचे. माझे वडीलही. त्यांच्या सायकलवर मी कैचीत शिकले, पण सीटवर बसून दांड्याची सायकल चालवायचा प्रसंग कधी आला नव्हता. पाय मागून टाकायचा की पुढून, इथपासून प्रश्न. तुम्ही तोंड फिरवून पान्याला कापड लावत बसलात. हसत होतात का, ते मला दिसलं नाही. ते दिसू दिलं नाहीत, त्याबद्दलही धन्यवाद.

काका, ती सायकल जड आहे हो. पण एकदा निघाली की तिला थांबायची इच्छा नसते. ब्रेक दाबला की दांड्या वर ओढल्या जातात, रबर रिमला आतून लागतं आणि सायकल थांबते, पण तिच्या सवडीनं. त्यामुळे लक्ष्मी रस्त्यावर मी चौकाच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक दाबत होते आणि घंटी वाजवत होते. घंटीचा आवाज असा की दोन पोलीस आणि एक गाय बाजूला झाली. बाजीराव रस्ता एका दिशेचा, शिवाजी रस्ता उलट दिशेचा. जिथे उलटं जायचं तिथे मी उतरून फुटपाथवरून ढकलत नेली. कॅरिअरची स्प्रिंग भाजणीच्या डब्याला अशी धरून बसली होती की तुळशीबागेच्या गर्दीतही डबा हलला नाही.

आणि एक गंमत. माझ्या सायकलला सात गियर आहेत, त्यामुळे पाय कधी भरभर फिरतात, कधी हळू. तुमच्या सायकलला एकच गती. उजवा, डावा, उजवा, डावा. माझी कविता अष्टाक्षरीत होती. प्रत्येक पायाला दोन अक्षरं धरली की चार पायांत ओळ संपते. भुजंगप्रयात वृत्त असतं तर पंचाईत झाली असती, त्याचा गण तीन अक्षरांचा, लघू गुरू गुरू. तो दोन पायांत बसवताना कुठलातरी पाय वेळेआधी पडतो. कुमठेकर रस्त्यावर मी मोठ्यानं कविता म्हणत चालले होते. लोक बघत होते. पन्नाशी उलटलेली बाई काळ्या दांड्याच्या सायकलवर मागे डबा बांधून कविता म्हणत चालली, तर पुण्यातही लोक बघतात, हे त्या दिवशी कळलं.

बाकी कामं झाली. चष्मा मिळाला, ब्लाउज मिळाले (एक घट्ट), पुस्तक मिळालं, मसाला मिळाला. दुपारी एक वाजता निम्मी पेठ बंद झाली. भाजणी गिरणीत ठेवून मी पुन्हा तुमच्याकडे आले, कारण एक ते चार उघडं असलेलं माझ्या माहितीतलं ते एकमेव दुकान होतं.

आता तिसरा हप्ता, आणि खरं सांगायचं तर पत्राचं कारण हाच.

क्रँकचा नंबर लिहून घ्यायला तुम्हाला सकाळी कागद हवा होता, तेव्हा मी यादीचा कागद दिला आणि स्वतः यादीचा फोटो काढून घेतला. दुपारी येऊन बघते तर तुम्ही आणि तो अभ्यासिकेतला मुलगा, दोघं त्या कागदाची मागची बाजू वाचत बसलेले. त्याची ट्यूब घमेल्यात बुडवलेली, बुडबुडे येताहेत, आणि तिकडे कुणाचंच लक्ष नाही.

"ताई, कविता तुमची का?"

मी हो म्हटलं. हौशी कवींना हा प्रश्न आला की ते नम्र चेहरा करतात, तसा मीही केला. पहिल्या ओळी अशा होत्या :

चेन गाते गाणे माझी
मऊ उन्हाच्या वाटेने
शरदाचे आले दूत
पांढऱ्या ढगांच्या होडीने

मुलगा म्हणाला, "मॅडम, शेवटच्या ओळीत नऊ अक्षरं आहेत." स्पर्धा परीक्षेला वृत्तं असतात, त्यामुळे त्याची बोटं तयारच होती. मी म्हटलं, गाताना 'पांढऱ्या' जरा लवकर म्हणायचं, ओवीत असं चालतं. तो म्हणाला, "परीक्षेत मार्क जातील." यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

तुम्ही मात्र अक्षरं मोजली नाहीत. तुम्ही विचारलंत, "चेन गाते म्हणजे वाजते का?"

मी म्हटलं, कवितेत तसं म्हणतात.

"वाजणारी चेन कोरडी असते ताई. तेल असलेल्या चेनचा आवाज येत नाही. तुम्ही गाणं ऐकत बसलात तर फ्रीव्हीलचे दाते जातील."

मी गप्प. तुमचं अजून संपलं नव्हतं. "आणि मऊ ऊन कुठं आहे? मी रोज इथं बसतो. या दिवसांत दुपारी पाना उन्हात राहिला तर हातात धरवत नाही." असं म्हणून तुम्ही खरोखरच पायरीवर पडलेला पाना माझ्या हातात दिलात. मी तो लगेच सोडला.

काका, आमचा कवितांचा एक गट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, चहा होतो, पोहे होतात, प्रत्येक जण वाचतो. पुण्याला ही सवय जुनीच. रविकिरण मंडळ इथे 1923 साली सुरू झालं, ते कवीही चहाला जमून एकमेकांच्या कविता ऐकायचे. पण ते एकमेकांना बोलतही असतील. आमच्याकडे प्रत्येक कवितेनंतर "वा, छान" येतं, मग "चहा घेणार ना?" येतं. या चेनच्या कवितेलाही आधीच्या बैठकीत तीन "छान" आणि एक "अप्रतिम" मिळालं होतं. अप्रतिम म्हणणाऱ्या बाईंना सायकल येत नाही.

तुम्ही माझ्या कवितेकडे बिघडलेल्या सायकलसारखं बघितलंत. कुठून आवाज येतो, काय सैल आहे, काय घासतंय. चांगली की वाईट, हा प्रश्नच तुम्ही काढला नाहीत. आणि जे सांगितलंत ते खरं होतं. ते मऊ ऊन मी पाहिलेलं नव्हतंच, वाचलेलं होतं. शरद म्हटलं की चांदणं, पांढरे ढग, मऊ ऊन, हे सामान आम्हा हौशी लोकांच्या घरात तयार असतं. रात्रीसाठी ते ठीकही आहे. पण सकाळपासून मी ज्या उन्हात घामाघूम होत पेठा पालथ्या घालत होते, ते माझ्या कवितेत नव्हतंच. तुम्ही पाना हातात दिलात तेव्हा ते आलं.

चार वाजायला अवकाश होता. तुम्ही पुलर लावून जुनी क्रँक ओढून काढत होतात, मी पायरीवर, सावलीच्या पट्ट्यात बसले आणि कविता खोडली. ढग, होडी, दूत, सगळे गेले. राहिलं ते असं :

चेन निमूट चालते
घंटी तेवढी बोलते
भर उन्हात पेठेत
कोण सावली शोधते?

मुलानं अक्षरं मोजली, "आठ, आठ, आठ, आठ," म्हणाला आणि त्याची ट्यूब घेऊन गेला. तुम्ही एकदाच वाचलंत. "हां," म्हणालात आणि नवीन पायडल डाव्या बाजूला उलटं फिरवत, हातानंच, अलगद बसवायला सुरुवात केलीत. पाना अगदी शेवटी लावलात. मुद्दाम मला दिसेल असं बसवलंत, हे माझ्या लक्षात आलं.

हिशेबात तुम्ही क्रँकचे आणि पायडलचे पैसे घेतलेत, मजुरी सांगितलीत ती इतकी कमी की मी दोनदा विचारलं. सायकल वापरल्याचे पैसे देऊ केले तर तुम्ही हात जोडलेत आणि वर "तिला चालवलं कुणी तरी, बरं झालं, नुसती उभी असते," असं म्हणालात. हे मला काही पटलेलं नाही. तुम्ही रोज त्याच सायकलवर घरी जाता हे त्या मुलानं मला नंतर सांगितलं.

रात्रीचं थोडक्यात सांगते. दूध थोडं जास्त आटलं, पण जायफळानं सांभाळून घेतलं. चंद्र होता. कविता मी सगळ्यात शेवटी वाचली. लोक हसले, म्हणजे योग्य ठिकाणी हसले, आणि ते मला "छान"पेक्षा पुष्कळ वाटलं. नंतर दोघं जण मुद्दाम भेटायला आले. कवितेबद्दल काही विचारतील म्हणून मी सरसावून बसले. एकानं विचारलं, तेल कुठलं वापरायचं? दुसऱ्यानं तुमच्या दुकानाचा पत्ता मागितला. त्याची सायकल दोन वर्षं पार्किंगमध्ये धूळ खात पडली आहे. पत्ता दिला आहे. तो आला तर त्याला ताटकळत ठेवलंत तरी चालेल. त्याच्या कविता फार लांब असतात.

काका, तुमच्यासारख्या माणसाचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. पेपरात फोटो आलेला तुम्हाला आवडणार नाही, शालश्रीफळ द्यायला गेलं तर शालीनं चेन पुसाल. त्यामुळे जे झालं ते जसंच्या तसं लिहिलं, एवढंच. मोडकी सायकल मोडकी का झाली ते तुम्ही सांगितलंत, स्वतःची सायकल दिलीत, आणि माझी कविता फुकट दुरुस्त केलीत. यातलं शेवटचं काम पुण्यात दुसरीकडे कुठे होतं का, ते मी शोधलं नाही, शोधणारही नाही. पुढची कविता लिहून झाली की आधी तुमच्याकडेच आणेन. ती पावसावर आहे, म्हणजे चिखलावर तुमचं मत लागेल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुमची,
सात गियरवाली ताई

ता. क. : दिवाळीच्या आधी फराळाचा डबा घेऊन येते आहे. चकल्या याच भाजणीच्या आहेत आणि जरा कडक होतात. दातांना चालत नसतील तर त्या मुलाकडे निरोप द्या, म्हणजे चिवडा जास्त घालते.